पाऊस लागला की आईचं बीपी चढतं, रिपोर्ट मात्र सगळे नॉर्मल

पागवाली | १७ जून २०२४, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आई ६४ वर्षांची, बाबांबरोबर चिपळूणला असते. मी ठाण्यात. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमचं तळमजल्याचं घर पाण्याखाली गेलं. दोघं वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे गेले आणि तो अख्खा दिवस नि रात्र तिथेच अडकून पडले. लाइट नाही, फोन नाही. दोघंही सुखरूप राहिले, घर पुन्हा उभं राहिलं, फ्रिज-कपाटं नवी आली.

तेव्हापासून दर पावसाळ्यात ठरलेलं. जूनमध्ये पाऊस लागला की बीपी १७०-१८० च्या घरात, छातीत धडधड, पाठ धरते, घशाशी आंबट येतं, मध्यरात्री जाग आली की सकाळपर्यंत टक्क. दसऱ्यानंतर हळूहळू कमी होतं. ईसीजी, टूडी इको, स्ट्रेस टेस्ट, थायरॉइड सगळं करून झालं. गेल्या वर्षी एका डॉक्टरांनी "काकू, तुम्हाला काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका" म्हणून बोळवण केली. रिक्षात बसल्यावर आई म्हणाली, "म्हणजे मी नाटकं करते का गं?"

पुराबद्दल विचारलं तर म्हणते, कुठे काय, आपलं सामान गेलं, लोकांची माणसं गेली. पण मृग लागला की कागदपत्रांची पिशवी माळ्यावर जाते. आणि पावसाळाभर ती गाऊन घालून झोपत नाही, साडी नेसूनच झोपते. विचारलं तर "असंच".

मनावरच्या आघाताचा शरीराला खरंच इतका त्रास होतो का, तेही तीन वर्षांनी? आणि या वयात थेरपीचा उपयोग होतो का? मी नुसतं नाव काढलं तर "मला काय वेड लागलंय?" म्हणाली.

डॉ_निवांत | १८ जून, सकाळी ७.४०

पागवालीताई, मी फिजिशियन आहे. हे सगळे रिपोर्ट नॉर्मल म्हणजे हृदयाचे ठोके, झडपा, पंपिंग यांत सध्या दोष दिसत नाही, एवढंच. त्रास खोटा आहे, असं कुठलाच रिपोर्ट सांगत नसतो.

धोका जाणवला की मेंदूतला हायपोथॅलॅमस सूत्रं हातात घेतो. काही सेकंदांत ॲड्रिनलिन सुटतं, मागोमाग पिट्युटरी आणि ॲड्रिनल ग्रंथींच्या साखळीतून कॉर्टिसॉल. ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आकसतात, पचन मंदावतं, मान-खांदे-पाठ ताठ होतात. कंबरभर पाण्यातून जिना गाठायचा असेल तर हे सगळं हवंच. आईंच्या शरीरात ते आता नुसत्या पावसाच्या आवाजानेही सुरू होतंय. तुम्ही लिहिलेली एकेक तक्रार यात चपखल बसते, आंबट ढेकरांसकट.

हे काही नवं नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या सैनिकांची अशीच धडधड आणि छातीतलं दुखणं जेकब दा कोस्टा या डॉक्टरांनी १८७१ मध्ये नोंदवलं होतं. हृदय तपासावं तर त्यात दोष सापडेना. पहिल्या महायुद्धात त्याच्या भावंडाला 'शेल शॉक' म्हणाले. पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर टिकून राहणारा मानसिक त्रास, हे निदान अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या अधिकृत यादीत आलं ते १९८० साली.

दोन गोष्टी मात्र कानाला खडा लावून ऐका. कारण मनातलं असलं तरी १८० बीपी हे १८० च असतं, मेंदूतली रक्तवाहिनी कारण विचारत बसत नाही. गोळी बंद करायची नाही, घरी बीपी लिहून ठेवायचं. आणि छातीत कधी नेहमीपेक्षा वेगळं दुखलं, घाम फुटला, दम लागला, तर "पावसामुळे असेल" म्हणून घरी बसायचं नाही. या वयात बायकांचा हार्ट अटॅक पुष्कळदा पित्ताच्या वेशात येतो.

नाना_चष्मेवाले | १८ जून, सकाळी ९.०५

आम्ही पाटण तालुक्यातले. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप लहानपणी अंगावर घेतला आहे. कोण थेरपी आणि कोण काय! गावच्या गाव कित्येक दिवस मांडवात झोपलं, रात्री भजन, सकाळी कामाला. हल्ली जरा काही झालं की 'ट्रॉमा'. आईंना नामस्मरणाची सवय लावा, रिकामं मन सैतानाचं घर.

जुई_ठाणे | १८ जून, सकाळी ९.३०

नाना, त्या काकूंचं मन रिकामं वाटलं तुम्हाला? उलट भरून वाहतंय की.

उमरगेकर | १८ जून, दुपारी १.२०

ताई, तुमच्या आईचं वाचून आमच्या काकाची आठवण आली म्हणून लिहितोय.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून लोकं दमून झोपलेली. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. आमच्याकडची घरं दगड-मातीची आन् वर मातीचं जड माळवद. सगळं अंगावर आलं. काकाची दोन लेकरं त्यात गेली, काका निघाला.

पुढं पत्र्याची शेड, मग पुनर्वसनाचं गाव, सिमेंटचं घर. माणसं लई वर्षं घराबाहेर अंगणात झोपायची. चांगलं घर मिळूनबी स्लॅबखाली झोप लागायची नाही. काकाचं दुखणं पोटाचं. जेवला की पोटात पिळा. सोलापूरला नेऊन एंडोस्कोपी झाल्या, गोळ्यांचा डबा भरला. गणपती बसले की दुखणं वाढायचं, हे घरात सगळ्यांना दिसत होतं. पण एकाबी डॉक्टरनं भूकंपात काय झालं हे विचारलं नाही, आन् आम्हीबी कुणी सांगितलं नाही. तो गेला २०११ ला. पोरांचं नाव त्याच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

पागवाली | १८ जून, रात्री १०.००

उमरगेकर, काय लिहू सुचत नाहीये. लिहिलंत त्याबद्दल आभार.

डॉक्टर, बीपीचं मशीन उद्याच पाठवते.

मन_मोकळं | १९ जून, सकाळी ११.१५

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. धाग्यावरून निदान करणार नाही, पण सर्वसाधारण माहिती देते.

आधी नानांच्या बाजूने अर्धा कौल. मोठ्या संकटातून गेलेल्या बहुतेकांना पीटीएसडी होत नाही. पहिले काही आठवडे झोप उडते, दचकायला होतं, मग ते ओसरतं. ते ओसरायला सगळ्यात जास्त मदत कशाची होत असेल तर आपल्या माणसांत असण्याची. नानांचा मांडव आणि भजन म्हणजे तेच. घटनेनंतर लगेच सगळ्यांना एकत्र बसवून 'काय झालं ते सांगून मोकळे व्हा' अशी एकच बैठक घेण्याची पद्धत मध्यंतरी रूढ होती. तिचा फायदा दिसला नाही, काहींना त्रासच झाला. म्हणून जागतिक आरोग्य संघटनाही आता सुरक्षितता, अन्न-निवारा, नातलगांशी गाठ घालून देणं आणि सांगायचं असेल त्याचं ऐकून घेणं, यावर भर देते.

पण महिन्याच्या वर, इथे तर तीन वर्षं, त्रास टिकून असेल तर तो नुसत्या काळाने जाईल अशी वाट बघत बसू नये.

तीन वर्षांनी का? अमिग्डाला हा मेंदूचा भाग धोका ओळखतो, तोही आपण विचार करायच्या आधी. गल्लीतल्या कुत्र्याने एकदा चोर बघितला की पुढे तो पोस्टमनवरही भुंकतो, तसं याचं होतं. प्रसंग कधी, कुठे घडला याची नोंद ठेवण्यात हिप्पोकॅम्पस या मेंदूच्याच दुसऱ्या भागाचा मोठा वाटा. जीव मुठीत असताना ती नोंद विस्कळीत होते. मग आठवण 'तेव्हा झालं होतं' अशी न येता 'आत्ता होतंय' अशी येते. वास तर अमिग्डालाकडे फारच थेट पोचतो. पुराच्या गाळाचा तो वास आठवा.

आणि टाळाटाळीमुळे हे टिकतं. पुराचा विषय निघाला की आई उठून स्वयंपाकघरात जात असतील तर त्या क्षणी बरं वाटतं. पण आपण त्या आठवणीसमोर बसू शकतो आणि काही होत नाही, हे शरीराला शिकायची संधीच मिळत नाही.

शंकेखोर | १९ जून, दुपारी ४.४५

मॅडम, मग ते 'ट्रॉमा शरीरात साठतो' म्हणतात ते खरं का? आमच्या ऑफिसातली एक जण कर्जतला वीकेंड शिबिराला गेली होती, थरथर करवून स्नायूंतला ट्रॉमा बाहेर काढतात म्हणे. फी ऐकून मलाच थरथरायला झालं.

मन_मोकळं | १९ जून, सायंकाळी ६.३०

स्नायूंत आठवणी साठत नाहीत. मेंदू स्नायूंना आवळून धरायला लावतो, वर्षानुवर्षं लावतो, म्हणून खांदा-जबडा-पाठ खरंच दुखतात. त्यामुळे श्वास, शिथिलीकरण, योगासनं यांनी आराम पडतो. माझ्याकडे येणाऱ्यांना मीही ते शिकवते. पण तेवढ्यावर पीटीएसडी बरा होतो म्हणण्याइतका भक्कम पुरावा आज नाही. अनोळखी माणसांच्या गर्दीत, दोन दिवसांत, आधीची माहिती न घेता कुणाला त्या प्रसंगात ढकलणं तर धोक्याचं. तिथे ढासळलेल्या माणसाला सोमवारी कोण बघणार?

पुरावा चांगला आहे तो आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारी थेरपी) आणि ईएमडीआर (आठवण मनात धरून डोळे फिरवायची थेरपी) यांचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत या दोन्हींची शिफारस केली आहे. साधारण ८ ते १५ सेशन्स, आठवड्याला एक. वयाची आडकाठी नाही.

आत काय होतं ते सांगते, कारण लोकांना वाटतं नुसतं रडवतात. सुरुवातीला झोप, औषधं, आजार, घरची परिस्थिती विचारतो. शरीरात काय होतंय ते समजावतो. लांब श्वास सोडायची सवय, पाय जमिनीवर टेकवून आजूबाजूच्या वस्तू मोठ्याने सांगायच्या, अशी साधनं हातात देतो. ती जमल्यावरच प्रसंगाकडे वळायचं, तेही त्या माणसाच्या संमतीने. सीबीटीच्या एका प्रकारात तो प्रसंग डोळे मिटून, आत्ता घडतोय असा सांगायचा, पुन्हा पुन्हा. पहिल्या वेळी छाती फुटेल असं वाटतं. काही वेळा सांगून झाल्यावर त्याच वाक्याला आवाज कापत नाही. बरोबरीने टाळलेल्या गोष्टी पायरीपायरीने करायच्या. चिपळूणच्या माणसासाठी आधी वाशिष्ठी नदीचा फोटो, मग उन्हात पुलावर, मग रिमझिम असताना गच्चीत. भर पुरात नदी बघायला जाणे ही पायरी नव्हे, तो वेडेपणा. खऱ्या धोक्याची भीती घालवायची नसते.

आणि तिसरा भाग म्हणजे प्रसंगातून काढलेले निष्कर्ष. 'मी आधी निघायला हवं होतं', 'माझ्यामुळे झालं' असे. हे लोक स्वतःशीसुद्धा मोठ्याने बोललेले नसतात.

घाटरस्ता | १९ जून, रात्री ११.५०

माझा अनुभव. खंबाटकी घाटात आमच्या गाडीला ट्रकने मागून ठोकलं. मला खरचटण्यापलीकडे काही नाही, शेजारी बसलेला मित्र महिनाभर आयसीयूत. पुढे मला गाडीत मागून हॉर्न ऐकला की उजवा हात बधिर व्हायचा. न्यूरोकडे गेलो, एमआरआय झाला, मानेचा पट्टा घालून हिंडलो.

शेवटी ईएमडीआर केलं. ही पद्धत फ्रान्सिन शपिरो यांची, १९८० च्या दशकाच्या शेवटी आलेली. त्या क्षणाचं चित्र मनात धरायचं आणि थेरपिस्टच्या बोटांमागे डोळे डावी-उजवीकडे फिरवायचे. पहिल्यांदा मला हसू आलं, पैसे पाण्यात गेले म्हटलं. मग ट्रकचे हेडलाइट आले, आणि मागोमाग वास. जळक्या रबराचा. तो मला तोवर आठवतच नव्हता. त्या आठवड्यात स्वप्नं वाढली, बायकोशी विनाकारण भांडलो. पुढचं सेशन रद्द करणार होतो. थेरपिस्टने असं होईल हे आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून गेलो.

आज गाडी चालवतो. घाटात रात्री अजून नको वाटतं, पण हात बधिर होत नाही. खर्च बराच झाला, आणि विम्यातून एक रुपया मिळाला नाही. २०१७ च्या कायद्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्या म्हटलंय, पण माझ्या पॉलिसीत ओपीडी बसत नव्हती.

मन_मोकळं | २० जून, सकाळी १०.२०

घाटरस्ता, सुरुवातीचे आठवडे जड जातात हे तुम्ही स्पष्ट लिहिलंत ते बरं झालं. बरेच जण नेमके तिथेच सोडतात. ईएमडीआरचा उपयोग होतो यावर पुरावा आहे. डोळे फिरवण्याने त्यात वेगळी भर पडते का, यावर मात्र तज्ज्ञांत अजून वाद चालू आहे. तुमचं बोटांना हसणं अगदीच गैरलागू नव्हतं.

जुई_ठाणे | २० जून, दुपारी १२.००

झोपेची गोळी देऊन भागणार नाही का? माझ्या सासूबाई अल्प्राझोलाम कित्येक वर्षं घेतायत, शांत झोपतात.

डॉ_निवांत | २० जून, रात्री ९.१५

जुईताई, अल्प्राझोलामच्या गटातल्या गोळ्या पीटीएसडीवर उपाय म्हणून देऊ नयेत, असंच मार्गदर्शक सूचना सांगतात. सवय लागते, उतारवयात तोल जाऊन खुबा मोडतो, विसराळूपणा वाढतो. औषध लागलंच तर सर्ट्रालिनसारखी नैराश्यावरची औषधं मानसोपचारतज्ज्ञ देतात, ती झोपेची गोळी नव्हे. आणि सासूबाईंची गोळी वाचून लगेच बंद करू नका. एकदम सोडली तर फिटसुद्धा येऊ शकते. डॉक्टरांना विचारून हळूहळू उतरवायची.

नाना_चष्मेवाले | २० जून, रात्री ९.४०

अर्धा कौल मिळाला, आनंद आहे. मुद्दा कायम. शेजारपाजार असता तर थेरपिस्टची वेळ आली नसती.

जुई_ठाणे | २० जून, रात्री ९.५२

शेजाऱ्यांनीच वर घेतलं होतं हो त्यांना. धागा तरी वाचा.

पागवाली | ४ ऑगस्ट, रात्री १०.३०

धागा वर काढतेय. काही जणांनी व्यनिमध्ये (खासगी निरोपात) विचारलं म्हणून.

आई तयार झाली. 'थेरपी' हा शब्दच काढला नाही. बीपी आणि झोपेसाठी एक बाई आहेत, गोळ्या न वाढवता बघतात, एवढंच सांगितलं. ते खोटंही नाही. चिपळूणला सोयीचं कुणी मिळेना म्हणून व्हिडिओवर, मराठीत. पहिल्यांदा मी शेजारी बसले होते, नंतर आईनेच मला बाहेर घालवलं.

आईने मला तिसऱ्या की चौथ्या सेशननंतर आपण होऊन जे सांगितलं ते तिला विचारून इथे लिहितेय. त्या पहाटे दोघं जिन्यावर पोचल्यावर ती परत खाली गेली होती. बाबांचं इन्सुलिन फ्रिजमध्ये होतं. तोवर फ्रिज उचलला जाऊन तरंगायला लागला होता आणि आडवा होऊन स्वयंपाकघराच्या दारात अडकला. ती आत, पाणी छातीला. पाठ लावून, पाय ओट्याला टेकवून तिने तो रेटला. बाबांना हे आजवर माहीत नव्हतं, त्यांना वाटलं होतं तिला शोधायला वेळ लागला. इन्सुलिन मिळालंच नाही. वर गेल्यावर बाबांची शुगर वाढली तर आपल्यामुळे, हेच ती रात्रभर घोकत होती. आणि भिजलेल्या गाऊनमध्ये, परक्या पुरुषमाणसांत, दिवस काढला.

साडीचं कोडं मला तेव्हा सुटलं.

आता बीपी १४०-१५० वर आहे, गोळी तीच. जाग येते, पण परत झोप लागते. जुलैत रेड अलर्ट आला तेव्हा हातपाय गार पडले होते, फोनवर आवाज कळत होता. बाईंनी शिकवलेलं करत बसली, मग सामान घेऊन वर गेली. पाणी आलं नाही. पाठ अजून दुखते.

मन_मोकळं | ५ ऑगस्ट, सकाळी ९.५०

अलर्ट असताना वर जाणं हे लक्षण नाही, शहाणपण आहे. आणि 'माझ्यामुळे' हे बाहेर आलं ते फार बरं झालं. पाठीसाठी फिजिओथेरपिस्टला दाखवाच. तो जोर लावला तेव्हा खरोखर काही दुखावलं असेल तर तेही बघायला हवं, सगळं मनावर ढकलू नका.

एक विचारू? त्या दिवशी फोन लागत नव्हता तेव्हा तुम्ही ठाण्यात काय करत होतात?

पागवाली | ५ ऑगस्ट, रात्री ११.२०

फोन लावत होते. अजूनही 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' ऐकलं की पोटात गोळा येतो, बाथरूमला पळावं लागतं. आईच्याच बाईंना विचारलं, त्यांनी माझ्यासाठी दुसऱ्या कुणाचं नाव दिलंय. बघते.

उमरगेकर | ६ ऑगस्ट, सकाळी ८.१५

बघते नको, जावा. काकूची पोरं गेली, काकाबी गेला, काकू अजून आहे. गणपती आले की तिची छाती दुखते. तिला कुठं न्यावं? पैशाचं जरा अवघड आहे.

मन_मोकळं | ६ ऑगस्ट, दुपारी २.००

उमरगेकर, आधी छातीसाठी ईसीजी करून घ्या, डॉक्टरांनी वर सांगितलंय तसं. मग जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी कोणत्या वारी असते ते विचारा, तिथे मानसोपचारतज्ज्ञ भेटतात. जाणं जमत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मोफत, मराठीतही बोलतात, कधीही लावा. खासगी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे गेलात तर भारतीय पुनर्वसन परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. विचारलेलं कुणाला आवडलं नाही तर दुसरीकडे जा.

तीस वर्षं झाली म्हणून उशीर झाला असं समजू नका. काकूंना बोलतं करायची घाई मात्र घरच्यांनी करू नये. डॉक्टरांना 'भूकंपात दोन मुलं गेली' हे वाक्य तुम्ही सांगा, त्यांच्यावर सोडू नका. आणि फोनवर बोलायची वेळ आली तर रेंज असलेली जागा आधीच बघून ठेवा, पावसात मध्येच तुटलं की माणूस परत लावत नाही.